मात्रेपासून निर्णयापर्यंत : परिचर्येच्या परीक्षेतील औषधप्रश्नांचा इतिहास

परिचर्येच्या, म्हणजेच नर्सिंगच्या परीक्षेत औषधांवरचे प्रश्न कसे सोडवावेत याविषयीच्या काही युक्त्या आज शिकवणी वर्गांत, मार्गदर्शिकांत आणि वसतिगृहातल्या वह्यांत सर्वत्र आढळतात. औषधाच्या नावाचा शेवट पाहून त्याचा गट ओळखावा, औषध देण्यापूर्वी काय तपासायचे ते प्रथम आठवावे, डॉक्टरांना कळवण्याचा पर्याय घाईने निवडू नये, अशा स्वरूपाच्या या सूचना केवळ गुण मिळवण्यासाठी शोधलेल्या क्लृप्त्या आहेत असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्यांच्या उगमाचा मागोवा घेतला असता हा समज टिकत नाही. यांतील जवळजवळ प्रत्येक युक्तीच्या मुळाशी परिचारिकेच्या जबाबदारीत झालेला एखादा ऐतिहासिक बदल आहे, आणि तो बदल ज्या विद्यार्थिनीला समजला आहे तिला ती युक्ती कोठे लागू पडते आणि कोठे फसते हेही समजते. औषधप्रश्नांचा इतिहास म्हणूनच परिचारिकेच्या विचारस्वातंत्र्याचाही इतिहास आहे.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या निधीतून परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले, तेव्हा औषधे हा त्या शिक्षणाचा केंद्रबिंदू नव्हता. मोकळी हवा, प्रकाश, स्वच्छता, आहार, शांतता आणि रुग्णाचे बारकाईने निरीक्षण यांवर नाइटिंगेल यांचा भर होता, आणि आदल्याच वर्षी लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात त्यांनी अर्धवट माहितीच्या आधारे घरच्या घरी औषधे देण्याच्या सवयीबद्दल स्पष्ट नापसंती नोंदवली होती. औषध ठरवणे हे वैद्याचे काम, ते तयार करणे हे औषधनिर्मात्याचे काम आणि ठरलेली मात्रा ठरलेल्या वेळी रुग्णाला देणे हे परिचारिकेचे काम, अशी विभागणी त्या काळी गृहीत धरलेली होती. शिवाय परिचारिकेचे शील आणि रुग्णाविषयीची तिची दक्षता लेखी परीक्षेने मोजता येत नाही, या भूमिकेतून नाइटिंगेल यांनी परिचारिकांच्या सार्वजनिक परीक्षेला आणि नोंदणीला दीर्घकाळ विरोध केला. याउलट एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश नर्सेस असोसिएशनने, परीक्षा आणि नोंदणी यांवाचून प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित यांत फरक करणे जनतेला शक्य नाही, असा आग्रह धरला. परीक्षेने नेमके काय मोजावे हा त्या वादातला मूळ प्रश्न पुढील शंभर वर्षे औषधप्रश्नांच्या स्वरूपातून पुन्हा पुन्हा वर आला.

औषधांचे पहिले पद्धतशीर शिक्षण परिचारिकांना दिले ते अमेरिकेत, आणि त्याचे मोठे श्रेय लॅव्हिनिया डॉक यांच्याकडे जाते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील प्रशिक्षण विद्यालयातून पदविका घेतलेल्या डॉक यांनी १८९० मध्ये परिचारिकांसाठी मटेरिया मेडिकाचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. मटेरिया मेडिका म्हणजे औषधद्रव्यांचा उगम, त्यांचे स्वरूप, गुणधर्म, उपयोग आणि मात्रा यांचे वर्णन करणारे शास्त्र. औषध शरीरात नेमके काय घडवते याचा प्रयोगावर आधारलेला विचार करणारी फार्माकॉलॉजी ही त्याच्यापुढची पायरी होय. डॉक यांच्या काळातील परिचारिकेला ग्रेन आणि मिनिम या जुन्या मापांत हिशेब करावा लागे, डॉक्टरांच्या चिठ्ठीतील लॅटिन संक्षेप वाचावे लागत आणि कार्बोलिक ॲसिडसारख्या जंतुनाशकांचे तीव्र द्रावण वॉर्डातच पातळ करून वापरावे लागे. म्हणूनच १९१७ मध्ये अमेरिकेतील नर्सिंग शिक्षणाच्या राष्ट्रीय संघटनेने जो प्रमाणित अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात औषधे आणि द्रावणे हा प्राथमिक पाठ मटेरिया मेडिकाच्या जोडीने आला. त्या काळच्या अभ्यासाचा रोख माहितीवर होता: औषधाची मात्रा किती, त्याचा उपयोग कशासाठी, विषबाधेची लक्षणे कोणती आणि उतारा कोणता. अशा प्रश्नांसाठी पाठांतर हीच एकमेव व्यूहनीती होती, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण कमाल मात्रा तोंडपाठ असलेली परिचारिकाच चिठ्ठीतील चूक वेळेवर ओळखू शकत असे.

परीक्षेला कायद्याचे बळ मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याने १९०३ मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकले आणि ब्रिटनमध्ये बराच झगडा झाल्यानंतर १९१९ मध्ये हा कायदा संमत झाला. मुंबई इलाखा या घडामोडींपासून दूर नव्हता. मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेले कामा रुग्णालय भारतीय स्त्रियांच्या परिचर्याशिक्षणाचे एक आद्य केंद्र ठरले. १९०८ मध्ये भारतातील प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि १९०९ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन स्थापन झाली, जिच्यामुळे इलाख्यातील वेगवेगळ्या रुग्णालयांच्या प्रशिक्षणाला सामाईक चौकट मिळू लागली. त्याच वर्षी रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यासाठी मराठी घरांतील स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, पाठबळ दिले. ज्या समाजात परक्या रुग्णाला स्पर्श करणे हेच स्त्रीसाठी अवघड मानले जात होते, त्या समाजातून आलेल्या या स्त्रियांना त्याच वेळी लॅटिन संक्षेप, इंग्रजी मापे आणि युरोपीय औषधनामे यांच्याशीही झुंजावे लागले, ही गोष्ट मराठी परिचर्येच्या इतिहासात आवर्जून नोंदवली पाहिजे. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली, आणि १९६६ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील व्यवस्थेला आजचे स्वरूप दिले.

दरम्यान औषधांचे जगच पालटले होते. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये इन्शुलिन प्रथमच मधुमेही रुग्णाला टोचले गेले, १९३५ मध्ये सल्फा औषधांचे युग सुरू झाले, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पेनिसिलिनचे प्रचंड प्रमाणावर उत्पादन होऊ लागले आणि त्यापाठोपाठ क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आले. ही औषधे पूर्वीच्या काढ्यांहून आणि अर्कांहून कितीतरी प्रभावी होती आणि म्हणूनच तितकीच धोकादायकही होती. आरंभीचे पेनिसिलिन शरीरातून इतक्या लवकर बाहेर पडे की दर तीन-चार तासांनी त्याची सुई टोचावी लागे, आणि ते काम रात्रंदिवस परिचारिकाच करीत असे. इन्शुलिनची मात्रा थोडी जास्त झाली तरी रक्तातील साखर उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शके. औषध देणारे हात आणि औषधाचा परिणाम प्रथम पाहणारे डोळे एकाच व्यक्तीचे आहेत, ही वस्तुस्थिती त्या दशकांत ठळक झाली. पाठांतराच्या मर्यादाही त्याच वेळी उघड झाल्या, कारण दरवर्षी येणाऱ्या नव्या औषधांची संख्या कोणत्याही वहीत मावण्याजोगी राहिली नाही.

परीक्षेचा साचाही याच सुमारास बदलला. अनेक पर्यायांतून एक उत्तर निवडण्याची पद्धत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक केली यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वाचनकौशल्याच्या चाचणीसाठी वापरली होती, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र बाजारात आल्याने ती मोठ्या परीक्षांना परवडू लागली. महायुद्धामुळे हजारो परिचारिकांना लवकर परवाना देण्याची निकड निर्माण झाली, तेव्हा १९४४ मध्ये अमेरिकेतील राज्य मंडळांनी सामाईक प्रश्नसंचाची परीक्षा सुरू केली आणि १९५० पर्यंत तेथील सर्व राज्यांनी ती स्वीकारली. आरंभी या परीक्षेत अनेक सुट्या विषयांच्या चाचण्या होत्या. पुढे त्या औषधवैद्यक, शल्य, प्रसूती, बाल आणि मानसिक परिचर्या अशा पाच विभागांत सामावल्या गेल्या. या रचनेत औषधशास्त्राचा वेगळा पेपर उरला नाही, मात्र औषधे प्रत्येक पेपरात पसरली: डिजॉक्सिनचा प्रश्न हृदयरुग्णाच्या संदर्भात येऊ लागला, मॅग्नेशियम सल्फेटचा गर्भवतीच्या संदर्भात आणि लिथियमचा मनोरुग्णाच्या संदर्भात. औषधाचा विचार नेहमी रुग्णासह करावा, हा आज प्रत्येक पाठ्यनिर्देशिका देत असलेला सल्ला या बदलाशी जोडलेला आहे.

औषधांच्या वाढत्या संख्येवर उपाय शोधला तो नावांच्या व्यवस्थेने. एकाच औषधाला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावे असल्याने होणारा घोटाळा टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय अव्यापारी नावांचा उपक्रम सुरू केला, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसलेले आणि सर्वांना वापरता येणारे नाव प्रत्येक औषधाला देण्याचे ठरवले. अमेरिकेत त्यासाठी १९६१ मध्ये स्वतंत्र समिती नेमली गेली. या व्यवस्थेचा गाभा असा की, सारखे कार्य करणाऱ्या औषधांच्या नावात एक सामाईक अंश ठेवायचा. हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणाऱ्या बीटा-अवरोधक औषधांच्या शेवटी ‘ओलोल’, १९८१ मध्ये आलेल्या कॅप्टोप्रिलच्या कुळातील रक्तदाबरोधकांच्या शेवटी ‘प्रिल’, त्यांच्याच जवळच्या दुसऱ्या गटाच्या शेवटी ‘सार्टन’, जठरातील आम्ल कमी करणाऱ्या औषधांच्या शेवटी ‘प्राझोल’ आणि पेनिसिलिनच्या कुळात ‘सिलिन’ हे अंश याच पद्धतीने आले. तज्ज्ञ समितीने सुरक्षिततेसाठी आखलेली ही वर्गवारी विद्यार्थ्यांच्या हातात उत्तर शोधण्याचे साधन बनली. पूर्वी कधीही न ऐकलेले ‘प्रिल’ अंत्य असलेले नाव प्रश्नात आले, तरी कोरडा खोकला, पहिल्या मात्रेनंतर घसरणारा रक्तदाब, रक्तातील पोटॅशियम वाढण्याची शक्यता, चेहरा आणि जिभेवर येणारी घातक सूज आणि गर्भारपणातील निषेध या पाच गोष्टी आठवून योग्य पर्यायापर्यंत पोहोचता येते.

ही युक्ती फसते तीही इतिहासामुळेच. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन स्त्रीशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये जगापुढे आणलेल्या बुरशीरोधक औषधाला त्यांच्या राज्यावरून निस्टॅटिन हे नाव मिळाले, आणि त्यानंतर साडेतीन दशकांहून अधिक काळाने, १९८७ मध्ये, कोलेस्टेरॉल कमी करणारे लोव्हास्टॅटिन वापरात आले. मार्गदर्शिकांतील घाईच्या तक्त्यात या दुसऱ्या गटाची खूण ‘स्टॅटिन’ अशी तोडून दिली जाते, तेव्हा तोंडातील बुरशीवरचे औषध कोलेस्टेरॉलच्या रांगेत जाऊन बसते. वास्तविक अधिकृत अंश ‘व्हास्टॅटिन’ असा असून तो पूर्ण लक्षात ठेवला तर घोटाळा होतच नाही. मनोविकारावरील ॲरिपिप्राझोलचे तसेच आहे: ते ‘पिप्राझोल’ या वेगळ्या अंशाचे आहे, आम्लरोधकांच्या ‘प्राझोल’ गटाचे नाही. ज्या समितीने अंश ठरवले तिने ही भेदरेषा आखली होती. ती पुसली गेली ती सोप्या तक्त्यांत. मराठी विद्यार्थिनीपुढे आणखी एक अडचण असते. वॉर्डात औषधे बहुधा कंपनीच्या नावांनी ओळखली जातात, प्रश्नपत्रिकेत मात्र मूळ नाव येते, आणि परदेशी परीक्षेत तेही बदललेले असू शकते; भारतात पॅरासिटामॉल, साल्ब्युटामॉल आणि पेथिडीन म्हणून शिकलेली औषधे अमेरिकन प्रश्नांत अनुक्रमे ॲसिटामिनोफेन, अल्ब्युटेरॉल आणि मेपेरिडीन म्हणून भेटतात. त्यामुळे दोन्ही नावांची जोडयादी पहिल्या वर्षापासून तयार करणे हा अभ्यासाचा आवश्यक भाग ठरतो.

औषधप्रश्नांच्या स्वरूपातील सर्वांत मूलगामी बदल १९६० च्या दशकात सुरू झाला. आयडा जीन ऑर्लँडो यांच्या १९६१ मधील लेखनातून आणि त्यानंतरच्या ग्रंथांतून परिचर्याप्रक्रियेची कल्पना रूढ झाली. रुग्णाची पाहणी करणे, त्याची समस्या निश्चित करणे, उपायांचे नियोजन करणे, ते अमलात आणणे आणि त्यांच्या परिणामाचे मूल्यमापन करणे, अशा पायऱ्यांनी परिचारिका स्वतः विचार करते, हे यातून मान्य झाले. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांची जी उतरंड मांडली होती, तिच्या आधारे केवळ स्मरण तपासणारा प्रश्न आणि उपयोजन तपासणारा प्रश्न यांत फरक करता येऊ लागला. या दोन विचारधारांच्या संगमातून आजचा औषधप्रश्न जन्मला. डिजॉक्सिनची मात्रा किती असे पूर्वी विचारले जाई. आता डिजॉक्सिन सुरू असलेल्या रुग्णाला मळमळते आहे, दिव्यांभोवती पिवळसर वलये दिसत आहेत, तर परिचारिकेने प्रथम काय करावे, असे विचारले जाते.

डिजॉक्सिनचेच उदाहरण विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल, कारण या एका औषधात जुनी आणि नवी अशा दोन्ही परंपरा एकत्र येतात. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीच्या उपयोगावर ग्रंथ लिहिला तेव्हाच त्यांनी उपकारक आणि अपकारक मात्रांमधील अंतर किती कमी आहे हे दाखवले होते. आजच्या प्रश्नात हे अंतर सांभाळणारी व्यक्ती परिचारिका असते. मात्रा देण्यापूर्वी हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत, प्रौढ रुग्णात ते ६० पेक्षा कमी असल्यास मात्रा रोखून डॉक्टरांना कळवावे, आणि रुग्ण फ्युरोसेमाइडसारखे मूत्रल औषध घेत असल्यास रक्तातील पोटॅशियमकडे लक्ष द्यावे, कारण पोटॅशियम घटले की डिजॉक्सिनची विषबाधा लवकर होते. या तीन वाक्यांत प्रश्नकर्त्याचे बहुतेक सापळे सामावलेले असतात. डॉक यांच्या काळातील आज्ञाधारक परिचारिकेसाठी डॉक्टरांना कळवणे हे जवळजवळ प्रत्येक प्रसंगी योग्य उत्तर ठरले असते. परिचर्याप्रक्रिया स्वीकारलेल्या परीक्षेत मात्र पाहणी अपुरी असेल तर आधी पाहणी, धोका समोर दिसत असेल तर आधी औषध रोखणे किंवा थांबवणे, आणि त्यानंतर कळवणे असा क्रम अपेक्षित असतो. पाहणी आधी ही सूचनाही आंधळेपणाने पाळायची नसते, कारण प्रश्नातच ठोके ४८ असल्याचे सांगितले असेल तर पाहणी झालेली आहे आणि पुढची कृतीच विचारलेली आहे.

हाच विचार इतर उच्च जोखमीच्या औषधांना लागू पडतो. गर्भारपणात वाढलेल्या रक्तदाबासोबत येणारे झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल शाबूत आहे का, श्वासाची गती जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मिनिटाला किमान १६ आहे का आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते आहे का, हे पुढची मात्रा देण्यापूर्वी पाहावे लागते आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावे लागते. हेपारिनसाठी एपीटीटी ही रक्त गोठण्याची चाचणी आणि प्रोटामीन सल्फेट हा उतारा, तर वॉरफरिनसाठी आयएनआर हे प्रमाण आणि व्हिटॅमिन के हा उतारा, अशा जोड्या विद्यार्थिनींना पाठ असतात. आयएनआर हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात पुरस्कारले ते वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या निष्कर्षांत ताळमेळ बसावा म्हणून, हे ठाऊक असलेल्या विद्यार्थिनीला तो आकडा निरर्थक वाटत नाही. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण शिरेतून थेट टोचू नये, ते नेहमी पातळ करून सावकाश द्यावे, हा नियम तर हृदय बंद पडून झालेल्या मृत्यूंनी शिकवला आहे.

मृत्यूंनी शिकवलेल्या धड्यांची अधिकृत नोंद विसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तेथील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असल्याचा अंदाज मांडला आणि चूक ही केवळ व्यक्तीची नसून व्यवस्थेचीही असते, ही दृष्टी रूढ केली. त्यानंतर २००४ मध्ये तेथील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने धोकादायक संक्षेपांची यादी जाहीर केली. युनिटऐवजी लिहिलेले ‘यू’ हे इंग्रजी अक्षर शून्यासारखे वाचले जाऊन इन्शुलिनची मात्रा दहापट होऊ शकते, पूर्णांकानंतर दशांशचिन्ह आणि शून्य लिहिल्यास १ चे १० होतात, आणि दशांशचिन्हापूर्वी शून्य गाळल्यास अर्धा मिलिग्रॅम पाच मिलिग्रॅम वाचला जातो. औषधाच्या हिशेबाच्या प्रश्नात उत्तर कसे लिहावे याविषयीचे काटेकोर नियम याच अनुभवातून आलेले आहेत. भारतात तर दर मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे इन्शुलिन वापरात असल्याने कुपी आणि सिरिंज यांची जोडी जुळते का हे पाहणे जीवनमरणाचे ठरते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री आणि तिला पुढे जोडल्या गेलेल्या योग्य नोंद व योग्य कारण या अटी, पर्याय गाळण्यासाठी सर्वांत विश्वासार्ह चाळणी ठरतात. ज्या पर्यायात यांपैकी एकही अट मोडते तो कितीही आकर्षक वाटला तरी सोडून द्यावा.

परीक्षातंत्रानेही आपली पावले टाकली. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन राज्य मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८२ पासून एनक्लेक्स या नावाने परवाना परीक्षा घेण्यास सुरुवात केली आणि एप्रिल १९९४ मध्ये ती संगणकीय अनुकूली पद्धतीवर नेली, म्हणजे उमेदवाराच्या प्रत्येक उत्तरावरून संगणक तिच्या क्षमतेचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाच्या जवळ जाणारा पुढील प्रश्न निवडतो. या पद्धतीत प्रश्न वगळून पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही; त्यामुळे सोपे आधी, अवघड नंतर ही कागदी परीक्षेची जुनी नीती निरुपयोगी ठरली. २००३ पासून ‘लागू पडणारे सर्व पर्याय निवडा’, ‘रिकाम्या जागेत हिशेबाचे उत्तर लिहा’ अशा प्रश्नप्रकारांची भर पडली, आणि पर्यायांची तुलना करून एक गाळण्याचे कौशल्यही अपुरे पडू लागले. प्रत्येक विधान स्वतंत्रपणे खरे की खोटे ते ठरवणे भाग झाले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या आवृत्तीत एका रुग्णाच्या वाढत जाणाऱ्या नोंदींवर सलग सहा प्रश्न येतात. महत्त्वाची लक्षणे ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, शक्यतांचा अग्रक्रम ठरवणे, उपाय सुचवणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे या सहा पायऱ्या त्यांतून तपासल्या जातात, आणि अंशतः बरोबर उत्तराला अंशतः गुण मिळतात. त्याच आराखड्यात औषधे आणि शिरेतून दिले जाणारे उपचार यांचा वाटा १३ ते १९ टक्के ठेवलेला आहे. मुंबईच्या केंद्रावर ही परीक्षा देणाऱ्या मराठी परिचारिकेला म्हणूनच पाठ केलेल्या तक्त्यांपेक्षा नोंदी वाचण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो.

भारतातील परीक्षांनी यांतील काही टप्पे उशिरा गाठले, तर काही बाबतींत आपली वेगळी परंपरा जपली. देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवले होते. अशा टंचाईच्या काळात शिक्षणाचा पहिला हेतू संख्या वाढवणे हाच असणे स्वाभाविक होते. १९६४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू केले आणि १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील पदवी परीक्षा एका छत्राखाली आल्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या पूर्वीच्या पदवी अभ्यासक्रमात औषधशास्त्र हे विकृतिशास्त्र आणि आनुवंशिकी यांच्या जोडीने दुसऱ्या वर्षी शिकवले जाई. २०२१ मध्ये आलेल्या सत्रपद्धतीत ते तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात विभागले गेले. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत एखाद्या औषधाचे कार्य, उपयोग, निषेध, दुष्परिणाम आणि परिचारिकेची जबाबदारी लिहा, अशा स्वरूपाचा दीर्घोत्तरी प्रश्न अजूनही टिकून आहे. बहुपर्यायी परीक्षेच्या तुलनेत तो जुनाट मानला जातो. पण त्याचा शेवटचा भाग, म्हणजे परिचारिकेची जबाबदारी, हाच औषधप्रश्नाचा खरा आत्मा आहे, आणि नेमक्या त्याच भागाला उत्तरपत्रिकेत बहुधा दोन ओळींवर भागवले जाते. हा क्रम उलटा करून जबाबदारीपासून उत्तराची आखणी केली, तर कार्य आणि दुष्परिणाम तिच्या कारणांच्या रूपाने आपोआप मांडले जातात.

भरती परीक्षांनी वेगळी कसोटी लावली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०२० पासून घेतलेल्या नर्सिंग अधिकाऱ्यांच्या सामाईक परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतो, त्यामुळे चारपैकी एकही पर्याय गाळता आला नसेल तर प्रश्न सोडणे शहाणपणाचे ठरते, तर एनक्लेक्समध्ये उत्तर दिल्यावाचून पुढे जाताच येत नाही. एका परीक्षेसाठी घोटवलेली सवय दुसरीत नुकसान करू शकते, आणि अधिपरिचारिकेच्या पदासाठी एकाच वर्षी तीन-चार वेगवेगळ्या परीक्षा देणाऱ्या उमेदवारांना हे भान कोणीतरी वेळीच देणे आवश्यक आहे.

या सर्व बदलांमधून एक गोष्ट सातत्याने पुढे सरकत आली आहे. आरंभी परिचारिकेला औषध माहीत आहे का, असे परीक्षा विचारीत होती. पुढे ती औषध सुरक्षितपणे देऊ शकते का, असे विचारू लागली. आज ती औषधाविषयी निर्णय घेऊ शकते का, असे विचारते. म्हणून कोणत्याही अनोळखी औषधापुढे चार प्रश्न क्रमाने स्वतःला विचारण्याची सवय ही सर्वांत टिकाऊ व्यूहनीती ठरते: हे औषध कोणत्या कुळातले, देण्यापूर्वी काय तपासायचे, दिल्यानंतर कशावर लक्ष ठेवायचे आणि रुग्णाला घरी जाताना काय सांगायचे. यांतील पहिला प्रश्न नामकरण समित्यांच्या कार्यातून आला, दुसरा आणि तिसरा परिचर्याप्रक्रियेतून व चुकांच्या नोंदींतून आले, आणि चौथा परिचारिकेच्या शिक्षक म्हणून असलेल्या भूमिकेतून आला. महाराष्ट्रातील विद्यालयांत औषधशास्त्र शिकवताना हा इतिहास प्रत्येक नियमासोबत सांगितला गेला, आणि नियमामागचे कारण विद्यार्थिनीच्या स्वतःच्या भाषेत एकदा तरी समजावून दिले गेले, तर तिला तक्ते कमी पाठ करावे लागतील. परीक्षेला नाइटिंगेल यांनी घेतलेला आक्षेप, की दक्षता कागदावर मोजता येत नाही, पूर्णपणे खोडून निघालेला नाही. परंतु उत्तराच्या मागचे कारण सांगू शकणारी विद्यार्थिनी घडवणे हे त्या आक्षेपाला देता येण्याजोगे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते देण्याची जबाबदारी परीक्षकांइतकीच शिक्षकांचीही आहे.